करमुक्त नळ

१ ऑगस्ट, सकाळी ७
स्कॉलरशिप मिळाली! पत्र तीनदा वाचलं. एक वर्ष. ऑफिसने बिनपगारी रजाही मंजूर केली. वीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात रस्तोरस्ती गळती शोधत फिरलो, आता त्याच गळतीवर प्रबंध. 'शहरी पाणीपुरवठ्यातील गळती: कारणे व उपाय.' ऑफिसात माझ्या मागे मला गळतीसाहेब म्हणतात. आदर असा लपून राहत नाही.

पुढच्या ३१ जुलैला प्रबंध सादर करायचा. सादर झाला की प्रमोशन. नाही झाला तर स्कॉलरशिपची सगळी रक्कम परत, असं पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. ते माझ्यासाठी नाही. कॉलेजातून मधेच पळणाऱ्या पोरांसाठी असणार.

बायको हॉस्पिटलात नर्स आहे. गेली काही वर्षं रात्रपाळी मागून घेते, जादा भत्ता मिळतो म्हणून. तिला सांगून टाकलं, स्कॉलरशिपमध्ये फीखेरीज घरखर्चालाही रक्कम आहे, आता रात्रपाळी सोड.  ती भांडी घासताना गुणगुणत होती. उद्याच मेट्रनकडे अर्ज देते म्हणाली.

संकल्प: रोज पाचला उठणे. चार प्रकरणं, तीन महिन्यांना एक. खरं तर दोन महिन्यांत एक सहज होईल. म्हणजे चार महिने उरतात. त्यांचं काय करायचं ते नंतर बघू.

ही डायरी फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय. उद्या कुणी पुरावा मागितला तर पंचाईत नको.

२ ऑगस्ट
उठायला पावणेआठ. पहिला दिवस धरत नाहीत.

५ ऑगस्ट
मेव्हणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ, टॅक्स कन्सल्टंट. ऑफिस एवढंसं, त्यात एक टेबल आणि एक कुरकुरणारा पंखा, पण बोलणं असं की सरकारी तिजोरीची किल्ली याच्याच कमरेला. न विचारता सुरू झाला. म्हणाला, दाजी, स्कॉलरशिपचा नियम सोपा आहे. फी, पुस्तकं, अभ्यासाची साधनं यावर जेवढी रक्कम जाईल तेवढी करमुक्त. राहण्या-खाण्यावर जाईल ती मात्र उत्पन्नात धरायची.

मी ताठ बसलो. म्हणजे स्कॉलरशिपच्या पैशातून घरात साधी काडेपेटी आणली की ती झाली उत्पन्न! तो पुढे म्हणत होता, पण तुमच्या बाबतीत कसं आहे, आधी एकूण रक्कम किती ते सांगा. मी त्याला तिथेच थांबवला. म्हटलं, रकमेचं राहू दे रे, तत्त्व कळलं मला. अर्ध्यात पूर्ण समजणं ही देणगी असते. त्याने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात मी चहा पुढे केला.

६ ऑगस्ट
योजना तयार. स्कॉलरशिपचा एक पैसाही घरात शिरू द्यायचा नाही. सगळा अभ्यासावरच खर्च करायचा. मग कर शून्य! घर हिच्या पगारात चालेल, इतकी वर्षं चाललंच आहे. एवढी साधी गोष्ट मेव्हण्याला सुचली नाही, आणि लोक त्याला फी देतात.

बायकोला समजावून सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे रात्रपाळी सोडायची नाही का मी? म्हटलं, फक्त एक वर्ष, करात वाचेल ते आपलंच ना. किती वाचेल, असं तिने विचारलं. म्हटलं, आकड्यात अडकू नकोस. तिने मेट्रनला फोन केला आणि दिलेला अर्ज परत घेते म्हणाली. फोनवर तिचा आवाज अगदी बारीक येत होता. रेंज नसेल.

१२ ऑगस्ट
खुर्ची आणली. फिरती, उंच पाठीची. दुकानदाराला म्हटलं, पावतीवर 'संशोधनासाठी आसन' असं लिही. त्याने 'खुर्ची, मोठी, काळी' असं लिहिलं. अरे, काळीच असते, पण ते लिहायची काय गरज!

बसून पाहिलं. पाठ अशी टेकते की डोळे आपसूक मिटतात. चिंतनाला उत्तम.

प्रबंध: शीर्षक टाइप केलं. ठळक केलं.

३ सप्टेंबर
आज टेबल आलं. लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष, तिला वाटलं तिच्यासाठीच आणलंय. वह्या घेऊन धावत आली. तिला जवळ बसवून शांतपणे सांगितलं, बाळा, हे टेबल स्कॉलरशिपचं आहे. स्कॉलरने वापरलं तर करमुक्त, दुसऱ्या कुणी वापरलं की घरगुती. तिने विचारलं, बाबा, यातला स्कॉलर कोण? प्रश्न योग्य होता, विचारायची पद्धत आवडली नाही.

ती आता स्वयंपाकघरात ओट्याशी बसून अभ्यास करते. तिथे उजेड चांगला आहे.

१९ सप्टेंबर
संस्मरणीय दिवस.

स्वयंपाकघरातला नळ दोन दिवस टपटपत होता. हिने प्लंबरला बोलावलं. ती ड्यूटीवरून परतली त्याच वेळी तो आला. पान्हा काढला, म्हणाला वॉशर गेलाय, आत्ता होऊन जाईल. मी ओरडलो, थांब! दोघंही दचकली. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला होता. दुरुस्ती म्हणजे घरखर्च. पण गळती म्हणजे? गळती म्हणजे माझा विषय! हा नळ नाही, हा नमुना आहे. नमुनाच दुरुस्त केला तर मी संशोधन कशावर करू?

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि पान्हा पिशवीत टाकला. येण्याचे पैसे मागत होता. म्हटलं, देतो की, फक्त 'क्षेत्रीय सल्ला' म्हणून पावती दे. तो पैसे न घेताच जिना उतरून गेला. विद्वत्तेपुढे माणसं अशी अवघडतात.

बायको म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, आपल्याकडे तर कळसाच गळतोय. वाक्य चांगलं आहे. प्रस्तावनेत घेईन.

नळाखाली हिचं मापाचं भांडं ठेवलं. रोज सकाळी आणि संध्याकाळी पाणी मोजून नोंद करायची. वर्षभर. असं काम आजवर कुणी केलं नसेल.

२० सप्टेंबर
सकाळची नोंद राहिली. भांड्यात कुणीतरी चमचे भिजत टाकले होते. या घरात संशोधनाचं वातावरण नाही.

७ ऑक्टोबर
गाईड मॅडमची भेट. विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर बसतात, चष्मा डोक्यावर ठेवतात आणि मग टेबलावर शोधतात. पहिलं प्रकरण कुठवर आलं, असं विचारलं. म्हटलं, आधी पाया भक्कम करतोय. कसला पाया, म्हणाल्या. मी त्यांना करविषयक भूमिका समजावून सांगितली. नळाचंही सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून मला नीट न्याहाळलं. त्यांच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांत असा विचार करणारा पहिलाच दिसला असेन.

निघताना म्हणाल्या, तुमच्याकडे वीस वर्षांचा अनुभव आहे, आठवेल तसं नुसतं लिहीत गेलात तरी तीन महिन्यांत प्रबंध होईल. तीन महिने! म्हणजे नऊ महिने हाताशी आहेत. घोडं मैदान कुठं लांब आहे? उगाच घाई करत होतो.

२ नोव्हेंबर
चहाचा प्रश्न. चहा प्यायल्याशिवाय मी वाचू शकत नाही. मग चहा हे अभ्यासाचं साधन झालं की नाही? मेव्हण्याला फोन केला. म्हणाला, दाजी, चहा हा चहाच असतो. म्हटलं, आणि बदाम? स्मरणशक्तीला लागतात. तो हसला. वर म्हणाला, अहो, तुम्ही उगाच नाकी नऊ आणून घेताय, मला फक्त वर्षाची एकूण रक्कम सांगा, एका मिनिटात— मी फोन ठेवला. सारखं आपलं एकूण रक्कम, एकूण रक्कम. माझ्या पैशावर डोळा आहे की काय याचा?

चहा हिच्या पगारात ठेवला. बदाम माझ्या फाइलमध्ये.

२१ नोव्हेंबर
क्षेत्रभेट. धरणावर गेलो, दोन दिवस. प्रवास, खोली, दुर्बीण, सगळं संशोधनात. हिला रजा नव्हती. खरं म्हणजे होती, पण त्या दिवसांत कुणाच्या तरी बदली ड्यूटी घेतली तिने. किराणा संपत आला होता म्हणे. लेकीला नेलं.

लेकीला होडीत बसायचं होतं. बसलो. 'जलाशय निरीक्षण'. होडीवाला पावती देईना. म्हणाला, तिकीटच नसतं तर पावती कुठली? शेवटी प्रबंधाच्या आराखड्यामागे त्याची सही घेतली. त्याने सहीऐवजी होडी काढली.

लेक परतताना म्हणाली, आईला पण आवडलं असतं. म्हटलं, तिकडे काम होतं ना तिला. ती खिडकीबाहेर बघत बसली. दिवसभर उन्हात होतो, दमली असेल.

प्रबंध: आराखडा ओला झाला.

१४ डिसेंबर
नळाला कुणीतरी दोरा बांधला आहे! थेंब दोऱ्यावरून सरळ खाली जातो, आवाजच होत नाही. लेकीचं काम. आवाजाने अभ्यास होत नाही म्हणे, सहामाहीत गणितात मार्क गेले. तिला सांगितलं की नैसर्गिक परिस्थितीत ढवळाढवळ केली की निष्कर्ष बाद होतात. तिने विचारलं, नोंदी किती झाल्या? मी वही शोधायला उठलो. वही सापडली नाही. म्हणजे आहे, घरातच आहे.

दोरा सोडला. हिने संध्याकाळी निघताना पुन्हा बांधला.  तिचा चेहरा काही म्हणावं असा नव्हता.

१ जानेवारी
संकल्प: पाचला उठणे. डायरी रोज. बदाम मोजून.

९ जानेवारी, पहाटे ५
उठलो! पाणी प्यायलो. झोपलो.

२३ जानेवारी
थेट आयकर ऑफिसात गेलो. मधल्या माणसांवर विसंबणं बरं नाही. चार नंबरची खिडकी, आत एक बाई, गळ्यात मफलर, टेबलावर शिक्क्यांची रांग. मी मुद्देसूद प्रश्न विचारला: गळका नळ संशोधनाचा नमुना म्हणून राखल्यास, वाया जाणाऱ्या पाण्याचं बिल अभ्यासाचा खर्च धरावं की घरगुती? बाईंनी मान वर केली. विचारलं, वर्षाचं सगळं मिळून उत्पन्न किती तुमचं? म्हटलं, मॅडम, प्रश्न रकमेचा नाही, तत्त्वाचा आहे. त्या म्हणाल्या, रक्कम सांगा, मग तत्त्व लागतं की नाही ते बघू. मी सांगितली नाही. एकदा आकडा बोलून गेलो की अडकलो.

मागचा माणूस म्हणाला, काका, आटपा. खिडकीसमोरून बाजूला झालो तेव्हा मन हलकं झालं होतं. त्यांच्याकडे उत्तर नाही, हे स्पष्ट झालं. घरी येऊन टिपण लिहायला घेतलं: 'शिष्यवृत्तीधारकाच्या खर्चाचे वर्गीकरण: एक नवी दृष्टी'. एका बैठकीत सात पानं झाली. कोण म्हणतं मी लिहीत नाही?

१८ फेब्रुवारी
टिपण चाळीस पानं. त्याला प्रकरणं पाडली. सहा झाली. अनुक्रमणिका केली. परिशिष्टात होडीवाल्याची होडी.

११ मार्च
गाईड मॅडमना फाइल दाखवली. त्यांना आधी वाटलं प्रबंधच आला, चष्मा लावून आनंदाने उघडला. चार पानं वाचून मिटली. म्हणाल्या, या फाइलला प्रकरणं आहेत, प्रबंधाला नाहीत. फाइलची इतकी तारीफ त्या करतील असं वाटलं नव्हतं.

पुढे म्हणाल्या, चार महिने राहिले, मुदत वाढत नाही, रक्कम परत करावी लागेल, घरी सांगितलंय का? म्हटलं, घरी सगळ्यांचा मला पाठिंबा आहे. त्या म्हणाल्या, बघा बुवा. या 'बघा बुवा'त विश्वास होता.

२ एप्रिल
बायको घरी दोन तास उशिरा आली. बसमध्ये झोप लागली, स्टॉप गेला, डेपोत कंडक्टरने उठवलं. डेपोतून चालत आली. चपला हातात होत्या. मी दार उघडलं तर म्हणाली, किती राहिलंय तुमचं? म्हटलं, आता काय, डाव्या हाताचा मळ. तिने मान हलवली. जुलैअखेर मेट्रनला सांगून ठेवते मग, म्हणाली, ऑगस्टपासून नक्की दिवसपाळी. त्या मेट्रनने आता पक्कं सांगाल तेव्हाच या असं बजावलंय म्हणे. ओट्याला टेकून उभ्या उभ्या चहा प्यायली, आणि कप हातात असतानाच डोळे मिटले. मी कप काढून घेतला.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. लगेच टेबलाशी जाऊन बसलो आणि प्रबंधाचं पहिलं वाक्य लिहिलं: 'पाणी हे जीवन आहे.' मग वाटलं, हे आधी कुणीतरी म्हटलं असावं. खोडलं.

३ एप्रिल
तिच्या चपला कोणत्या खात्यात बसतील याचा विचार केला. बसत नाहीत.

२८ मे
लेकीचा निकाल लागला. चांगली पास झाली. गणितातही. ओट्याशी बसून! सांगायला आली तेव्हा मी वर्गीकरणात होतो. टेबल वापर आता हवं तर, असं म्हणणार होतो, पण वर्ष संपायला दोनच महिने आहेत, आता नियम मोडला तर आधीचे सगळे महिने फुकट जायचे. नंतर देईन.

मेव्हणा पेढ्यांऐवजी फळं घेऊन आला. त्याने फाइल पाहिली. पाहिली म्हणजे चाळली, दोनदा मागे गेला, मग माझ्याकडे पाहिलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला हो दाजी, म्हणाला. ताई कुठंय, विचारलं. झोपली होती ती. तो तिच्या खोलीच्या दाराशी जरा उभा राहिला आणि गेला. जाताना एकूण रक्कम विचारायची राहिली त्याची. शेवटी कंटाळला.

१ जुलै
आजपासून युद्धपातळीवर. मोबाइल कपाटात. खुर्ची भिंतीकडे तोंड करून.

२ जुलै
भिंतीला ओल आहे. बहुधा नळाचीच. विलक्षण योगायोग, एक पूर्ण प्रकरण होऊ शकतं.

९ जुलै
नोंदवही सापडली. बदामांच्या डब्यामागे. नोंदी अकरा. त्यातल्या चार लेकीच्या अक्षरात, आणि एकीखाली तिने 'बाबा, भांडं उपडं होतं' असं लिहिलंय.

१५ जुलै
स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेला मुदतवाढीचा अर्ज. कारण: संशोधनाच्या करविषयक बाजूत अपेक्षेपेक्षा अधिक खोली आढळली. सोबत फाइलची प्रत जोडली. ती वाचल्यावर वर्षभराने वाढवतील. दोन वर्षांनीही वाढवतील.

२४ जुलै
बायकोने सकाळी विचारलं, मेट्रनला आज सांगू ना? तिचे केस ओले होते आणि ती जरा हसत होती. मी म्हटलं, सांग.

३० जुलै
प्रबंध: एकोणीस पानं. त्यातली सात कृतज्ञता आणि अनुक्रमणिका. राहिलेल्या बारांत वीस वर्षांचं जवळजवळ काहीच नाही. लिहायला घेतलं तेव्हा खूप आठवत होतं. जुन्या बाजारातली फुटलेली लाइन, ब्लीचिंग पावडरच्या गोणीवर बसून काढलेली दुपार, कान जमिनीला लावून पाण्याचा आवाज ऐकणारा आमचा म्हातारा फिटर. फिटर तेवढा एका परिच्छेदात आला. एकेक गोष्ट एकेक प्रकरण झाली असती. पण आता एवढं लिहून होणार कसं?

३१ जुलै
विद्यापीठात गेलो. मॅडमनी बारा पानं वाचली. म्हणाल्या, हे फिटरचं चांगलं आहे, हे आधी का नाही लिहिलंत? मग चष्मा डोक्यावर ठेवला आणि सही करणार नाही म्हणाल्या. आवाज मऊ होता.

९ ऑगस्ट
संस्थेचं पत्र. मुदतवाढ नामंजूर, रक्कम परत करावी. फाइलबद्दल एक ओळही नाही. फाइल परतसुद्धा पाठवली नाही. ठेवून घेतली याचा अर्थ काय तो काढावा.

प्रमोशन अर्थातच नाही. ऑफिसात सोमवारपासून जुन्याच टेबलावर.

१२ ऑगस्ट
मेव्हण्याला बोलावलं. घेतलेली रक्कम परत केल्यावर करात काय होतं, हा प्रश्न खरोखरच नाजूक आहे. त्याने पत्र हातात घेतलं आणि या वेळी मला न विचारताच एकूण रक्कम वाचली. मग पत्र घडी करून ठेवलं. म्हणाला, दाजी, अहो एवढ्या रकमेवर करच नसतो. पगार बंद होता तुमचा. सगळीच्या सगळी घरात खर्च केली असती तरी मर्यादेच्या खाली होतात तुम्ही. कर शून्यच होता. पहिल्या दिवशी तेच सांगत होतो, तुम्ही चहा पुढे केलात.

ही दारात उभी होती. ड्यूटीचे कपडे घातलेले. तिने ऐकलं. भावाला म्हणाली, म्हणजे मी गेल्या वर्षीच सोडू शकत होते? तो खाली बघत राहिला. ती आत गेली. मेट्रनला फोन लावल्याचा आवाज आला. या वेळी रेंज चांगली होती, सगळं ऐकू आलं. मॅडम, माफ करा, मला रात्रपाळी परत हवी, म्हणाली.

कर शून्य येणार हे मी गेल्या सहा ऑगस्टला लिहून ठेवलं होतं. आहे पान. तारखेसकट. मेव्हण्याला दाखवणार होतो. नाही दाखवलं.

१६ ऑगस्ट
खुर्ची विकायला काढली. कुणी येईना. शेवटी मेव्हण्यानेच घेतली, ऑफिसला. चांगली किंमत दिली, मी मागितली त्यापेक्षा जास्तच. आणि मग पावती मागितली. त्याच्या धंद्यात ती खर्च म्हणून बसते म्हणे. मी पावतीवर लिहिलं: खुर्ची, मोठी, काळी.

दुर्बीण, टेबल दुकानदाराने परत घेतली नाहीत. टेबल लेकीला दिलं. तिने वह्या आणून ठेवल्या, मग उचलल्या आणि पुन्हा ओट्याशी जाऊन बसली. सवय झाली म्हणाली. आता कॉलेजात तिलाही स्कॉलरशिप मिळतेय, लहानशी. तिला म्हटलं, तुझं टॅक्सचं मी बघतो. ती म्हणाली, नको बाबा, मामाला आधीच रक्कम सांगून ठेवलीय.

२० ऑगस्ट, संध्याकाळी ६
ऑफिसातून आलो तर घरात कसलाच आवाज नाही. आधी कळेना काय चुकतंय. मग लक्षात आलं, नळ. बायकोने कोपऱ्यावरच्या दुकानातून वॉशर आणला, पान्हा शेजाऱ्यांकडून, आणि बसवून टाकला. दोरा कापून कचऱ्यात. मापाचं भांडं घासून जागेवर. मी विचारलं, कधी केलंस? चहा उकळेपर्यंत, म्हणाली.

परत करायची रक्कम फिटेपर्यंत रात्रपाळी. किती दिवस ते तिनेच काढलंय, मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आता आकडा ऐकायची भीती वाटते.

ती वेणी घालत होती तेवढ्यात तिचा डबा मी भरला. वर्षभरात पहिल्यांदा. खरं तर त्याआधीही कधी भरला नव्हता. कोणत्या खर्चात धरायचा वगैरे काही मनात आणलं नाही, नुसता भरला आणि पिशवीत ठेवला. तिने पिशवी उचलली, खाली हात लावून पाहिला, डबा बाहेर काढला. झाकण नीट लागलं नव्हतं. गळतोय, म्हणाली, आणि तिचं तिनेच लावून घेतलं.